क्लेमॅटिसच्या वेली: हॅरोच्या चिकणमातीतल्या बागेच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२३

घर उत्तर-पश्चिम लंडनमध्ये, हॅरोला. दर्शनी भिंत उत्तरेकडे, मागची बाग दक्षिणेकडे. माती लंडन क्ले. ओली असली की फावड्याला चिकटून निघत नाही, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशाच मातीत क्लेमॅटिस लावू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

रोपवाटिकेत क्लेमॅटिस रंगावरून निवडली जाते. कुंडीवर फुलाचा मोठा फोटो असतो, आपण तो बघून रोप उचलतो आणि घरी आल्यावर जागा शोधतो. मी आधी जागा ठरवल्या आहेत. प्रत्येक जागेबद्दल तीन गोष्टी लिहून काढल्या: पायाशी पाणी किती टिकते, ऊन कधी येते, आणि वेलीला धरायला काय आहे. रंग सगळ्यात शेवटी.

छाटणीचा गट हीसुद्धा जागेचीच बाब आहे. पहिला गट जुन्या फांद्यांवर वसंतात फुलतो, त्याची छाटणी फुले संपल्यावर आणि तीही बेताची. दुसऱ्या गटात मोठ्या फुलांच्या जाती येतात, त्यांना फेब्रुवारीत हलका हात. तिसरा गट नव्या वाढीवर उन्हाळ्यात फुलतो, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून फूटभरावर कापायचा. जिथे दरवर्षी शिडी लावणे जमणार नाही तिथे दुसऱ्या गटाची वेल नको. गुलाबावर चढवायची असेल तर तिसरा गट बरा, कारण दोघांची छाटणी एकाच सुमारास येते.

ठरले ते असे. दारालगतच्या उत्तर भिंतीवर 'नेली मोझर'. ही फ्रान्समधल्या मोझर यांच्या रोपवाटिकेतली १८९७ सालची जात. फिक्या गुलाबी पाकळीवर मधोमध गडद पट्टा असतो. कडक उन्हात तो पट्टा विटतो, सावलीत टिकतो, म्हणून उत्तर भिंत तिचीच. पश्चिमेला तोंड असलेल्या कुंपणावर 'एत्वाल व्हायोलेत', म्हणजे तिसरा गट, जांभळी. सफरचंदाच्या जुन्या झाडावर 'पोलिश स्पिरिट'. ही वॉर्सामधल्या ब्रदर स्टेफान फ्रान्चाक या धर्मबंधूंनी तयार केली. गॅरेजच्या कोपऱ्यात थंडीला न भिणारी अल्पिना 'फ्रान्सिस रिव्हिस'.

चार रोपांचे मिळून ६१ पौंड.

१४ ऑक्टोबर २०२३

दाराजवळचा खड्डा. भिंतीला लागून खणायला गेले तर फावडे विटांच्या तुकड्यांवर आणि वाळलेल्या चुन्यावर आपटले. घर बांधताना गवंड्यांनी राडारोडा तिथेच पुरला होता. तीन बादल्या राडा निघाला, आणि त्याखालची माती इतक्या पावसातही कोरडी. छज्जा आणि भिंत मिळून पाऊस अडवतात, त्यामुळे भिंतीपासून हातभर पट्ट्यात पाणी पोचतच नाही. म्हणून खड्डा भिंतीपासून ४५ सेंमी पुढे घेतला आणि रोप भिंतीकडे तिरके झुकवून लावले.

इथे एक गोष्ट सांभाळायची. इंग्लंडमधल्या घरांच्या भिंतीत ओल वर चढू नये म्हणून विटांच्या थरात ओलरोधक पट्टी असते. बाहेरची माती त्या पट्टीच्या किमान १५ सेंमी खाली हवी. खत आणि आच्छादन टाकताना हा हिशेब सुटला की पुढे घरात ओल येते. मी विटेवर खडूने रेघ मारून ठेवली आहे.

मोठ्या फुलांच्या जाती कुंडीत होत्या त्याहून ५ ते ८ सेंमी खोल लावतात. खोडाचे खालचे डोळे जमिनीखाली राहतात, आणि वरचे सगळे गेले तरी तिथून पुन्हा फूट येते. 'नेली मोझर' आणि तिसऱ्या गटातल्या दोन्ही तशाच लावल्या. अल्पिना मात्र कुंडीतल्याच पातळीला. तिचा गड्डा पुरला तर कुजतो.

हातमोजे घाला. या कुळाच्या रसाने कातडीची आग होते.

२२ ऑक्टोबर २०२३

आधाराचे काम. विटांच्या भिंतीवर डोळ्याचे, म्हणजे टोकाला भोक असलेले, खिळे ठोकून आडव्या तारा ताणल्या, दोन तारांमध्ये ३० सेंमी, भिंतीपासून ५ सेंमी सुट्ट्या. खिळे, तार आणि ताणायचे स्क्रू मिळून ३१ पौंड. कुंपणावर लाकडी ट्रेलिसच्या दोन तयार चौकटी लावल्या, ४४ पौंड. दिसायला फार सुबक.

सफरचंदाच्या झाडाशी खोडाजवळ मुळांचे जाळे आहे, म्हणून 'पोलिश स्पिरिट' खोडापासून मीटरभर लांब उत्तरेच्या अंगाला लावली. तिथून पहिल्या फांदीपर्यंत बांबूची काठी तिरकी टेकवून दिली. उत्तरेला मुळे सावलीत राहतात आणि वेल उजेडासाठी झाडातून दक्षिणेकडे स्वतः जाते.

३ जानेवारी २०२४

काल हेंक वादळाचा पाऊस झाला. सकाळी बघितले तर अल्पिनाच्या पायाशी पाणी उभे. आजूबाजूचे गवत नुसते ओले होते, पण रोपाच्या घेरात तळे. चिकणमातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती आणि खत भरले की त्याचा हौद होतो. भोवतालचे पाणी त्यात येते आणि तळातून बाहेर पडायला वाट नसते. गॅरेजचा कोपरा बागेतला सगळ्यात सखल, म्हणून तिथे पहिल्यांदा दिसले.

बाकीच्या तीन जागी काठी खुपसून पाहिले. दाराशी ठीक, सफरचंदाशी ठीक. कुंपणाशी ओल जास्त आहे पण पाणी उभे नाही. तिथे काट्याच्या फावड्याने खड्ड्याच्या भिंतींना आरपार भोके पाडली. खरे तर हे लावतानाच करायचे असते. चिकणमातीत फावड्याने खड्ड्याची बाजू गुळगुळीत लिंपली जाते आणि मुळांनाही ती भेदता येत नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

पहिल्या वर्षीची छाटणी. गट कोणताही असो, नवे रोप पहिल्या फेब्रुवारीत ३० सेंमीवर, डोळ्यांच्या ठसठशीत जोडीच्या वर कापायचे. नाहीतर एकच दांडा सरळ वर जातो आणि खाली कायमचा बोडका राहतो. हात धजावत नाही, कारण महिना उबदार आहे आणि डोळे फुटायला लागलेत. तरी कापले. या वर्षी फुले कमी येतील हे धरून चालते आहे.

अल्पिनाला डोळाच नाही. नखाने खरवडले तर आत तपकिरी. उपटून पाहिली. मुळे काळी, हातात घेताच साल सुटली, कुजका वास. १४ पौंड आणि एक हंगाम गेला. दुसरे रोप आणण्याआधी त्या कोपऱ्यातली माती भोवतालपेक्षा वीतभर उंच करणार आहे. अल्पिना थंडी सोसते, ओलीत उभी राहत नाही.

२४ मार्च २०२४

मागच्या दक्षिण भिंतीवर 'जॅकमनी' लावली, १८ पौंड. वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून ही आली आणि १८६२ मध्ये पहिल्यांदा फुलली. आजही बागांमधून सगळ्यात जास्त दिसणाऱ्या जांभळ्या क्लेमॅटिसपैकी ती एक. तिसरा गट. ऊन हिला मानवते.

२० एप्रिल २०२४

गोगलगायी. शंखाच्या आणि बिनशंखाच्या, दोन्ही. हिवाळा उबदार आणि ओला गेला, त्यामुळे यंदा त्यांची संख्या भयंकर आहे. कुंपणाच्या वेलीचे कोवळे कोंब एका रात्रीत जमिनीलगत कापल्यासारखे गेले. 'जॅकमनी'च्या दांड्याची साल खालून वरपर्यंत खरवडलेली.

काय केले ते क्रमाने लिहिते. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या २०२२च्या वसंतापासून ब्रिटनमध्ये बागेत वापरायला बंदी आहे. जुना डबा कुणाकडे असेल तर तोही वापरायचा नाही, साळिंदरासारखी दिसणारी इथली हेजहॉग आणि पक्षी त्याने मरतात. तांब्याची पट्टी, अंड्याची टरफले, खडी, लोकरीच्या गोळ्या यांची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने बागेत चाचणी घेतली होती, त्यात कशाचाच फरक दिसला नाही. म्हणून त्यांवर पैसे घातले नाहीत.

सूत्रकृमी मागवले, १४ पौंड. हे डोळ्यांना न दिसणारे किडे पाण्यात कालवून झारीने ओततात. मातीत शिरून ते गोगलगायींना आतून मारतात. जमीन ५ अंशांच्या वर आणि ओली असली पाहिजे. शंखवाल्या गोगलगायी बहुधा मातीवरच राहत असल्याने त्यांच्यावर याचा परिणाम कमी. त्यांच्यासाठी रात्री दहानंतर टॉर्च घेऊन वेचणी, हाच इलाज. सगळ्यात जास्त कुठे सापडल्या? वेलीच्या पायाला सावली हवी म्हणून मी ठेवलेल्या चपट्या दगडांखाली. "पायाशी दगड ठेवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. चिकणमातीत आणि या हवेत तो गोगलगायींचे घर बांधून देतो. दगड काढले.

९ जून २०२४

'नेली मोझर'ला जेमतेम कळ्या धरल्या होत्या. काल संध्याकाळी एक पूर्ण दांडा माना टाकून बसला. पाने हिरवीच, पण लोंबती. वेल अशी एकाएकी वाळली की सगळे "मर रोग" म्हणतात, आणि पुष्कळदा तो नसतो. आधी तीन गोष्टी बघा. माती खोलवर कोरडी आहे का, दांडा कुठे पिचला आहे का, आणि जमिनीलगत साल कुरतडली आहे का. माझ्याकडे तिन्ही नव्हते. देठाच्या बेचक्यात काळा डाग होता. त्याच्या वरचे सगळे मेलेले, खालचे धड. दांडा उभा चिरला तर आतही काळपट.

मर रोगाची बुरशी कॅलोफोमा क्लेमॅटिडिना. जुन्या पुस्तकांत अॅस्कोकायटा म्हणून सापडेल. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना ती धरते. व्हिटिसेला कुळातल्या, म्हणजे 'पोलिश स्पिरिट'सारख्या, सहसा सुटतात. औषध शोधत बसले नाही. दांडा निरोगी भागापर्यंत नव्हे, थेट जमिनीपर्यंत कापला, कारण डागाच्या खालचा भाग आज धड दिसतो म्हणजे उद्या तसाच राहील असे नाही. प्रत्येक कापानंतर सिकेटर स्पिरिटने पुसला. कापलेले घरच्या कंपोस्टमध्ये टाकले नाही, पडलेली पाने वेचली.

२८ जुलै २०२४

'नेली मोझर'च्या पायाशी जमिनीखालून दोन नवे कोंब, बोटभर जाड. खोल लावल्याचा फायदा हाच.

कुंपणावर मात्र वेगळाच गोंधळ. वेल सहा फूट गेली पण ट्रेलिसला धरत नाही, पुनःपुन्हा घसरून ढिगारा होतो. क्लेमॅटिसला द्राक्षासारखे ताणे नसतात. तिच्या पानाचा देठच आधाराला एक-दोन वेढे घेतो. देठ लहान असतो, त्यामुळे पेन्सिलीहून जाड वस्तूभोवती तो पुरत नाही. ट्रेलिसच्या पट्ट्या अंगठ्याहून रुंद आहेत. चौकटी काढल्या, त्या जागी मोठ्या चौकोनांची जोडतारेची जाळी लाकडी ठोकळ्यांवर ठोकली, २६ पौंड. आठवडाभरात देठांनी तारा धरल्या. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून मेलेल्या फांद्या ओढून काढणे फार जिकिरीचे. शेजारच्या काकांचे सगळे कुंपण त्या जाळीने भरले आहे आणि ते दरवर्षी मार्चमध्ये त्यात अडकून पडतात.

सुतळी वापरू नका, एका हिवाळ्यात कुजते. कोवळे कोंब बांधताना फार वाकवूही नका, काचेच्या कांडीसारखे मोडतात. दुपारी, पाने जरा सैल पडली असताना वळवले तर कमी मोडतात.

२१ सप्टेंबर २०२४

'एत्वाल व्हायोलेत'ला अजून एकही फूल नाही, आणि वाढ तर राक्षसी. आज पाने नीट पाहिली. तीन पानांचा झुबका, कडा दातेरी. 'एत्वाल व्हायोलेत' व्हिटिसेला कुळातली, त्या कुळाच्या पानांत पाच-सात पर्णिका असतात आणि कडा बहुधा सरळ. ही मोंटाना दिसते, म्हणजे पहिला गट, जुन्या फांद्यांवर फुलणारी. रोपवाटिकेने चुकीचे लेबल लावलेले. पावती दाखवून विचारले, तर नवे रोप द्यायला तयार आहेत, पण गेलेले वर्ष कोण देणार? लेबलावर विसंबून येत्या फेब्रुवारीत कापली असती तर पुढचेही गेले असते. नवे रोप पहिल्या पानांवर तपासा: तीन दातेरी पाने दिसली तर कात्री लावायच्या आधी थांबा.

आई सध्या आमच्याकडे आली आहे. मागच्या रविवारी चिल्टर्न टेकड्यांवर गेलो होतो. तिथल्या खडूच्या जमिनीत कुंपणांवर रानटी क्लेमॅटिस, व्हिटाल्बा, पसरलेली असते. काही वेलींवर पिसांचे रेशमी झुबके धरायला लागले होते. आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्याकडची मोरवेल!" बरोबर आहे, मोरवेल याच कुळातली. पावसाळा सरताना सह्याद्रीत पांढऱ्या फुलांनी झाडोरा झाकते ती, काहीजण तिला रानजाई म्हणतात. मग आईने जे सांगितले ते मी इथे लिहून ठेवते: "आमच्या साताऱ्याकडं ती करवंदीच्या जाळीतनं वर येते. डोकं उन्हात, पण बुडाशी कधी ऊन लागलेलं मी नाही बघितलं."

दगडांना पर्याय मिळाला. पायाशी झुडूप हवे. परतल्यावर चारही वेलींच्या पायाशी हार्डी जिरेनियमचे गड्डे लावले, शेजाऱ्यांकडून फुकट मिळाले. पाने जमीन झाकतात, खाली हवा खेळती राहते आणि गोगलगायी शोधायलाही सोप्या. व्हिटाल्बा घरच्या बागेत लावू नका, एवढ्याशा जागेत ती सगळे गिळते.

२३ फेब्रुवारी २०२५

छाटणी. 'पोलिश स्पिरिट' आणि 'जॅकमनी' फूटभरावर. 'नेली मोझर'चे फक्त वाळलेले शेंडे काढले, पहिल्या जाड डोळ्यापर्यंत. कुंपणावरच्या मोंटानाला हात लावला नाही. बदली मिळालेली खरी 'एत्वाल व्हायोलेत' गॅरेजच्या कोपऱ्यात, वीतभर उंच केलेल्या मातीत. तिथे अल्पिना पुन्हा लावायचा विचार सोडला. उंच केली तरी जागा सखलच आहे, आणि व्हिटिसेला ओल जास्त सोसते.

मोंटाना आठ-दहा मीटर जाते, सहा फुटी कुंपण तिला काहीच नाही. उपटून हलवण्याचा विचार केला होता, पण वाढलेली मोंटाना हलवलेली सहन करत नाही. म्हणून मुळे कुंपणाशीच ठेवून तिचे तीन लांब दांडे कुंपणाच्या वरच्या कडेने गॅरेजच्या छपराकडे वळवले. हिमालयातली ही वेल १८३१ साली लेडी अॅमहर्स्ट यांनी ब्रिटनमध्ये आणली. तिथे ती मोठमोठ्या झाडांवर चढते, छपरावर काय कमी पडणार!

मार्चअखेरीस सूत्रकृमी पुन्हा, आणखी १४ पौंड.

११ मे २०२५

मोंटाना फुलली. फिक्या गुलाबी चार पाकळ्या, संध्याकाळी व्हॅनिलाचा वास दारापर्यंत. मोंटाना 'रुबेन्स'सारखी दिसते. गॅरेजचे पत्रे दिसेनासे झाले आहेत.

पण वसंतभर पाऊस जवळजवळ नाही. जमीन तडकली. दक्षिण भिंतीवरची 'जॅकमनी' खालून पिवळी पडते आहे. वरून झारीने घातलेले पाणी भेगांतून वाहून जाते. तळ कापलेली दोन लिटरची बाटली रोपाशेजारी उलटी पुरली आणि तिच्यातून आठवड्याला दहा लिटर, सावकाश. भेगा बोटाने माती चेपून बुजवल्या, वर पानांचे कुजलेले खत तीन बोटे जाड, खोडापासून चार बोटे सोडून. खोडाला टेकलेले खत खोड कुजवते. दहा दिवसांत नवी पाने हिरवी आली. जुनी पिवळी पाने परत हिरवी होत नाहीत, त्यांची वाट पाहू नका.

१५ जून २०२५

'नेली मोझर' दाराशी फुलली, ताटलीएवढी फुले, पट्टा गडद. उत्तर भिंतीवर ऊन फक्त सकाळी लवकर आणि सायंकाळी तिरपे येते. शेजाऱ्यांच्या मागच्या बागेत हीच जात दक्षिणेच्या उन्हात आहे, तिची फुले पंधरवड्यात पांढरट झाली. एवढ्या एका फरकासाठी दारातला राडारोडा उपसणे मला मान्य आहे.

१३ जुलै २०२५

'पोलिश स्पिरिट' सफरचंदाच्या अर्ध्या उंचीवर, जांभळ्या फुलांनी भरलेली. झाडाला तिचा भार होत नाही, कारण दर फेब्रुवारीत सगळी खाली येते. मोंटाना सफरचंदावर चढवली असती तर हे शक्य नव्हते.

मोंटानाचे कलम केले. क्लेमॅटिसचे छाट घेताना डोळ्याखाली कापत नाहीत, डोळ्यांच्या दोन जोड्यांच्या मधल्या दांड्यावर कापतात. दोनपैकी एक पान काढायचे, डोळे मातीच्या अगदी वर ठेवायचे, निम्मी वाळू घातलेल्या मातीत सावलीला. शिवाय एक लांब दांडा जमिनीवर आडवा चेपून दाब कलमही केले. छाट कुजले तरी दाब कलम बहुतेक लागते, पण वर्षभर थांबावे लागते.

१७ ऑगस्ट २०२५

हिशेब. रोपे ७९, खिळे-तार ३१, ट्रेलिस ४४, जाळी २६, सूत्रकृमी २८, माती आणि खत ४८. एकूण २५६ पौंड. यातले ट्रेलिसचे ४४ आणि अल्पिनाचे १४ वाया गेले.

छाटांपैकी निम्म्यांना मुळे आली. 'एत्वाल व्हायोलेत' उंचवट्यावर तीन फूट, पहिली फुले आली, यावेळी खरोखर जांभळी आणि पिवळट केसरांची. ऑक्टोबरमध्ये जमीन उबदार असेतो मोंटानाचे एक रोप शेजारच्या काकांच्या शेडमागे लावायचे आहे. तिथली माती परवा खणून पाहिली. वरचे फूटभर बरे, खाली पुन्हा विटा. आधी तो राडा काढायचा, मग खड्ड्याच्या बाजू काट्याने भोसकायच्या, आणि लेबल न बघता पाने मोजायची.